समुद्राच्या पाण्याच्या पंपातला बिडाचा (ओतीव लोखंडाचा) इंपेलर, म्हणजे पात्यांचं फिरणारं चाक, वर्षभरात खड्ड्यांनी भरला. हा गंज की कॅव्हिटेशन (पाण्यातले बुडबुडे मिटताना धातूला बसणारा मार)? एपॉक्सी लावून भागेल का?

तुमच्या वर्णनावरून मला दोन्ही दिसतं. दोन्ही एकत्र आले की बीड एकेकट्यापेक्षा लवकर जातं.

करड्या बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात. खाऱ्या पाण्यात लोखंड विरघळतं, ग्रॅफाइट जागेवर राहतं. आकार तोच दिसतो, पण सुरीने खरवडलं की काळा, मऊ थर सुटतो. संथ पाण्यात हाच थर खालच्या लोखंडाला थोडंफार झाकून ठेवतो. कॅव्हिटेशन नेमकं ते झाकण काढतं. इंपेलरच्या तोंडाशी दाब बाष्पदाबाखाली गेला (20 अंश सेल्सिअसला सुमारे 2.3 किलोपास्कल) की पाणी न तापताच उकळतं. ते बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की मिटतात, आणि मिटताना पाण्याची बारीक चिळकांडी सेकंदाला 100 मीटरच्या आसपास वेगाने धातूवर बसते. मऊ थर उडतो, ताजं लोखंड उघडं पडतं, गंज पुन्हा सुरू.

खड्डे कुठे आहेत ते बघा. पात्यांच्या सुरुवातीच्या कडेमागे, कमी दाबाच्या बाजूलाच पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र झाला असेल आणि चालू पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल, तर आधी सक्शन, म्हणजे पाणी आत ओढणारी बाजू, सुधारा. स्ट्रेनर (गाळणी) साफ करा, पाइप मोठा आणि आखूड घ्या, बेंड कमी करा, जमल्यास पंप खाली बसवा. सक्शनचा व्हॉल्व्ह कधीही आवळू नका. प्रवाह ठरल्यापेक्षा जास्त असेल तर डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा, व्हॉल्व्ह थोडा आवळा. हे न करता महागडा इंपेलर बसवणं मला पटत नाही.

त्यानंतर धातू बदला. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझ या कामाला उत्तम. पण केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) जुनं, बिडाचंच असेल तर तेही खरवडून पाहा: त्यावर ग्रॅफाइटचा थर धरला असेल तर तो ब्राँझच्या तुलनेत कॅथोड (स्वतः न गंजता दुसऱ्या धातूला गंजवणारी बाजू) ठरतो आणि नवा इंपेलरच झिजायला लागतो. हे फार जण तपासत नाहीत.

एपॉक्सी केसिंगला आतून जरूर लावा. पात्यांवर, जिथे बुडबुडे मिटतात तिथे, मी लावणार नाही. ते सोलून निघतं.