फणसाखालची ओम्नी घ्यायची का?

गुहागर तालुक्यातून एका दादांचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा. शेजाऱ्यांच्या खळ्यात फणसाखाली 2007 ची मारुती ओम्नी चार वर्षं उभी आहे, शेजारी 45 हजारात द्यायला तयार आहेत, तिचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली फिरायची गाडी करायची, सगळं मिळून सव्वा लाखात होईल असा अंदाज. पगार 32 हजार, घरखर्च 22 हजार, मुलगी पाच वर्षांची, चाळीस हापूसची कलमं, एफडी 3 लाखांची. एफडी मोडू की बायकोच्या सोन्यावर दीड लाखाचं लोन काढू? आणि सीझनला पर्यटकांना 2500 रुपये रोजाने दिली तर 60 दिवसांत पैसे वसूल, बरोबर ना ताई?

दादा, आधी त्या भाड्याचंच बोलते, कारण तुमचं सगळं गणित त्या एका ओळीवर उभं आहे. ती ओळ खोडा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि दिलीत नि परशुराम घाटात काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच विचारणार की गाडी कोण चालवत होतं आणि पैसे घेतले होते का. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं हे खरं, पण ते रीतसर कॅराव्हॅन म्हणून पासिंग झालेल्या गाड्यांचं. भाडं खोडलं की उरते हौस. हौसेला माझी ना नाही हो, पण हौसेसाठी सोनं गहाण टाकायचं नसतं, तुमच्या पतपेढीने सांगितलेल्या 12 टक्क्यांनी दीड लाखाला महिन्याला दीड हजार नुसतं व्याज जाईल आणि गाडी तेव्हा गॅरेजच्या दारात उभी असेल.

आता कागद. तुम्ही सहज लिहून गेलात की गाडी अजून शेजाऱ्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे आणि आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, मार्च 2022 ला संपली. अहो, खरी गोम तिथे आहे! आधी फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावावर यायला हवी, बाकीच्या भावंडांची ना-हरकत लागेल (मुंबईतला एखादा भाऊ अशा वेळी बरोबर उगवतो), मग 29 आणि 30 भरून तुमच्या नावावर. रिन्यूअलची फी 5 हजार, गाडीला 20 वर्षं झाली की 10 हजार, म्हणजे 2027 ला तीही वाढली. उशिराबद्दल महिन्याला 500 चा दंड, 48 महिन्यांचे झाले 24 हजार. पर्यावरण कर वेगळा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रम, कारण पासिंगला गाडी आरटीओत दाखवावी लागते, दाखवायची तर ती चालली पाहिजे, चालवायची तर आधी लाखभर ओतले पाहिजेत, म्हणजे पैसे आधी जाणार आणि गाडी रस्त्यावर येणार की नाही ते नंतर कळणार.

पत्र्याचं सांगते कारण हे आमच्या घरात झालंय. ह्यांनी 2012 मध्ये एक जुनी जीप घेतली, इंजिन एका स्टार्टरला चालू, सगळे खूश. खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर भाकरीत बोट जावं तसा आत गेला. गॅरेजवाला म्हणाला दोन महिने, ठेवली चौदा महिने, दोन पावसाळे उघड्यावर, आणि शेवटी विकली तेव्हा पत्राकामाचे पैसेही सुटले नाहीत. जीपला निदान खाली चासी, म्हणजे सांगाडा, वेगळी असते. ओम्नीला ती नाहीच, बॉडी हीच चासी, त्यामुळे तळाचा पत्रा गेला म्हणजे गाडीचा कणाच गेला. खारा वारा, फणसाचा पाला, चार पावसाळे... तुम्ही जाऊन दरवाजाच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावून बघा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आणि एक, ही गाडी 22 जुलै 2021 ला कुठे होती ते विचारा. चिपळुणात असेल तर पुराचं पाणी प्यायलेली असणार. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर नमस्कार करून घरी या.

माझा अंदाज लिहिते: गाडी 45, दंड आणि फी 29, पत्रा-पेंटिंग 65, इंजिन 30, टायर-बॅटरी 19, वायरिंग 8, आतलं प्लायवूड-गाद्या 30. सव्वादोन लाख झाले, आणि कर, इन्शुरन्स, टोइंग धरून अडीच. तुम्ही म्हणता वर्षाला दहा रात्री फिरू. दोन हजारांच्या होमस्टेला याच पैशात 125 रात्री, म्हणजे साडेबारा वर्षं, तेही पंख्याखाली. ओम्नी बाहेरून मोजली तरी साडेचार फुटांच्या आसपास रुंद, इंजिन पुढच्या सीटखाली, मे महिन्यात वेळणेश्वरला त्यात तिघं झोपून बघा म्हणजे कळेल 😅

एफडीतले 1 लाख 32 हजार, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, त्याला हात लावायचा नाही. कलमांचा काय भरवसा, मोहोरावर एक अवकाळी आला की गेलं वर्ष. उरले 1 लाख 68. एवढ्यात ही गाडी बसत नाही. मग दुसरं बघा ना, ओम्नी 2019 पर्यंत बनत होती, 2016-17 ची चालती, पहिल्या मालकाची, दीड लाखाच्या आसपास मिळाली तर तिची आरसी 2031-32 पर्यंत आहे. घाई नाही, महिना 6 हजारांची आरडी लावा आणि वर्षभर शोधा, उरलेल्यांना हात न लावता निम्मे पैसे तिथूनच उभे राहतील. आत बेड करायचा तर उचलून बाहेर काढता येईल असा करा, वेल्डिंग करून किंवा छप्पर कापून नको, कायमचा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी लागते.

फणसाखालचीच हवी असा हट्ट असेल तर पाच हजार इसार द्या, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या की आरसी रिन्यू होऊन वारसाच्या नावावर आली की मगच बाकीचे, आणि बाकीचे म्हणजे 40 नाही, दंड आणि फी वजा जाता दहा-बारा. शेजारी रागावतील, रागावू देत, चार वर्षं त्यांनीही तिच्यावर ताडपत्री टाकलेली नाही.

बायकोला सरप्राइज द्यायचंय असं शेवटी लिहिलंय ते वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. सोनं तिचं आहे ना? आधी तिला घेऊन त्या फणसाखाली जा, चुंबक तिच्याच हातात द्या आणि सीटबेल्टचं काय निघालं ते कळवा.