स्टुडिओची तारीख पुढे ढकल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि तुमच्या बँडच्या पहिल्या अल्बमच्या तालमीचं रेकॉर्डिंग, दोन्ही मिळालं. गाणी चांगली आहेत. जोगव्याच्या चालीवरचं जे गाणं आहे त्यात दुसऱ्या कडव्यानंतर बेस गिटार संबळाच्या बोलांना येऊन मिळते, ती जागा मी मागे नेऊन पुन्हा ऐकली. अशी जागा ठरवून काढता येत नाही, खूप एकत्र वाजवलं की सापडते. म्हणून गाणी आवडली असताना, किंबहुना आवडली म्हणूनच, हे सांगतोय: पुढच्या महिन्यातली स्टुडिओची तारीख पुढे ढकल. आगाऊ पैसे भरलेत हे कळलं. स्टुडिओवाल्यांशी आजच बोल, वेळेवर सांगितलं की बहुतेक जण तारीख बदलून देतात.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खटकलं. ‘तीन गाण्यांची अरेंजमेंट स्टुडिओत गेल्यावर बघू’ असं तू लिहिलंयस. पहिल्या अल्बमला हे करू नकोस. तासावर पैसे मोजत असताना कुणाला काही सुचत नाही, आणि सुचलं तरी ते तपासून बघायला सवड नसते. मग जे पटकन जमतं तेच ठेवलं जातं: सगळीकडे सारखा ड्रमचा ठोका, सगळीकडे डिस्टॉर्शन, आणि मध्येच चवीपुरती हलगी. लोकसंगीत आणि रॉक एकत्र आणणारे कितीतरी अल्बम याच कारणाने एकसुरी होतात.

इंग्लंडमधल्या ‘स्टीलाय स्पॅन’ या बँडच्या पहिल्या अल्बमची हकीकत तुला माहीत असायला हवी. ॲश्ली हचिंग्ज ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ या बँडमधून बाहेर पडला आणि त्याने पाच जणांचा नवा बँड जमवला. टिम हार्ट आणि मॅडी प्रायर ही आधीपासून एकत्र गाणारी जोडी, गे आणि टेरी वुड्स हे आयरिश जोडपं, आणि हचिंग्ज स्वतः. हे पाचही जण विल्टशरमधल्या एका खेड्यात एकाच घरात राहिले आणि तिथे तालीम करत बसले. नंतर लंडनच्या ‘साउंड टेक्निक्स’ स्टुडिओत जाऊन त्यांनी ‘हार्क! द व्हिलेज वेट’ ध्वनिमुद्रित केला. १९७० साली तो बाजारात आला. गाणी जवळजवळ सगळी पारंपरिक, पण ऐकताना कुठेही जोड दिसत नाही. बँजो, कॉन्सर्टिना आणि इलेक्ट्रिक गिटार एकमेकांना जागा देत वाजतात. त्या घरातल्या दिवसांची ती कमाई आहे.

पण त्याच घरातले ताणही होते. रेकॉर्डिंग झालं आणि लोकांसमोर एकही कार्यक्रम न करता ते पाच जण फुटले. अल्बम आला तेव्हा तो वाजवणारा बँड उरलाच नव्हता. वुड्स दांपत्य गेलं, मार्टिन कार्थी आणि पीटर नाइट आले आणि नाव पुढे चालू राहिलं.

या हकीकतीतून मी दोन गोष्टी घेतो. सुरांचं काम तालमीत पुरं करायचं, आणि माणसांचं कामही तिथेच पुरं करायचं. दुसऱ्या गोष्टीबद्दल खाली लिहितो, कारण ते तुम्ही अजून सुरूच केलेलं दिसत नाही.

आधी सूर आणि लय. तुमचे संबळवाले काका ज्या पट्टीत गातात ती पट्टी हलवू नका. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंय की त्यांचा आवाज काळी दोन या पट्टीला मोकळा लागतो आणि गिटारला सोपं पडावं म्हणून तुम्ही त्यांना अर्धा सूर वर चढवलंय. वरच्या ओळीत त्यांची ओढाताण होते. गिटार आणि बेस दोन्हींच्या तारा अर्ध्या सुराने उतरवा, ई मेजर कॉर्डचा आकार धरा, काळी दोन आपोआप वाजेल. तारा थोड्या सैल पडतील, जाड गेजच्या घाला. तुणतुणं मात्र गायकाच्या पट्टीलाच लावायचं, आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा बघायचं. त्याची तार गाण्याच्या मध्येसुद्धा उतरते.

आता क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारा एकाच वेगाचा ठोका. गोंधळाचं गाणं संथ सुरू होतं आणि देवीचं वर्णन रंगत जाईल तशी लय चढते. ती चूक नाही, तीच त्या गाण्याची बांधणी आहे. तुम्ही हेडफोनमध्ये ठोका लावून ते एका वेगावर आणलंत, म्हणून शेवट येतो पण रंग चढत नाही. या गाण्यांना क्लिक नको. काका, ढोलकी, बेस आणि तू, चौघे एका खोलीत, एकमेकांची तोंडं दिसतील असे बसा आणि पूर्ण गाणं एका दमात घ्या. आवाज एकमेकांच्या माइकमध्ये शिरेल, शिरू दे. लीड गिटार आणि कोरस नंतर भरता येतो. ‘इंडियन ओशन’ या बँडचा पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला. पण प्रत्यक्ष कार्यक्रमात ते कसे वाजतात हे घरबसल्या ऐकणाऱ्यांना खरं कळलं ते १९९७ च्या ‘डेझर्ट रेन’मधून, आणि तो मैफलीचंच ध्वनिमुद्रण आहे. तुमची ताकद एकत्र वाजवण्यात असेल तर ध्वनिमुद्रणाची पद्धत तिला साजेशी निवडायला हवी.

ड्रमरला माझा निरोप सांग, रागावू नको म्हणावं. संबळाच्या जाड अंगाचा घुमारा आणि किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, एकाच जागेसाठी भांडतात. मिक्समध्ये ते सोडवता येत नाही, कुणाला तरी वाजवतानाच गप्प बसावं लागतं. मी सांगतोय त्या इंग्रजी अल्बमवर ड्रम वाजवायला जेरी कॉन्वे आणि डेव्ह मॅटॅक्स यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, आणि त्याच बँडच्या पुढच्या अल्बमला तर ड्रमरच नव्हता. तरीही ठेका कुठे कमी पडत नाही. तुमच्या किमान दोन गाण्यांत ड्रमकिट शेवटच्या कडव्यापर्यंत येऊ नये असं माझं मत आहे.

हलगीचं एक व्यवहाराचं सांगतो. कातडी हलगी शेकल्याशिवाय कडक बोलत नाही हे तुमच्या वादकाला माहीतच आहे, पण स्टुडिओत जाळ करू देणार नाहीत. इलेक्ट्रिक शेगडीची परवानगी आधी विचारून ठेवा, दोन हलग्या न्या, एक वाजत असताना दुसरी बाहेर शेकत ठेवा. फायबरच्या पानाची हलगी सोयीची असते, पण बारीक काडीचा जो चरचरीत आवाज तुम्हाला हवाय तो तिच्यातून येत नाही. माइक थोडा लांब ठेवायला सांगा. जवळ ठेवला की नुसता टणत्कार येतो, खोलीतला दणका हरवतो.

आता माणसांचं काम, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तू पाठवलेल्या यादीत आठ गाण्यांपैकी पाचांसमोर ‘लोकगीत’ एवढंच लिहिलंय. कुठलं? कुणाकडून ऐकलं? प्रत्येक गाण्यासमोर गाव, गाणाऱ्याचं नाव आणि त्या घराण्याने ते कुणाकडून घेतलं हे लिहून काढ. त्यासाठी दोन फेऱ्या माराव्या लागल्या तर मार. लोकांच्या तोंडी असलेलं प्रत्येक गाणं अनाम नसतं. अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ गावोगाव लोकगीतासारखी गातात, पण ती त्यांनी रचलेली छक्कड आहे. अण्णाभाऊ १९६९ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत त्या शब्दांना परवानगी लागते. तुझ्या यादीतलं सहावं गाणं मला कुठल्यातरी शाहिराचं वाटतंय, शेवटच्या ओळीत नाममुद्रेसारखं काहीतरी आहे आणि तुम्ही ती ओळच गाळलीत. ती परत घाला आणि तो शाहीर कोण हे शोधा.

जे खरोखर पारंपरिक ठरेल त्यासमोर ‘पारंपरिक, संगीत संयोजन: बँड’ असं लिहायचं. ‘संगीत: बँड’ असं लिहायचं नाही. ज्यांच्या तोंडून ते शिकलात त्यांचं नाव त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरात. ‘इंडियन ओशन’च्या राहुल रामने नर्मदा आंदोलनात काम केलं आणि तिथलं नर्मदेचं गाणं ‘मा रेवा’ त्यांच्या ‘कंदिसा’ या अल्बममध्ये आलं. आपल्या नंदुरबारच्या सीमेवरून वाहणारी ती नदी, तिच्या काठच्या माणसांबरोबर उठबस होती म्हणून ते गाणं त्यांच्या आवाजात उपरं वाटत नाही. तुमची ती उठबस आहे का, हे तुम्हीच एकमेकांना विचारा.

संबळवाले काका बँडचे सभासद आहेत की पाहुणे कलाकार? पत्रात तू त्यांना एकदा ‘आमचे काका’ म्हणतोस आणि हिशोबात मात्र ‘वादक, दिवसाचे’ असं लिहितोस. आठपैकी सहा गाण्यांत ते गातात. माझ्या मते ते सभासद आहेत आणि त्यांचा वाटा तुमच्याइतकाच असायला हवा. जे ठरेल ते मराठीत, एका कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची, कुणी बँड सोडला तर काय. तुम्ही मित्र आहात म्हणून हे लिहायला अवघड वाटेल. पैसे येण्याआधी ते एका संध्याकाळचं काम असतं, नंतर वकील लागतो.

एखादी कंपनी करार घेऊन आली तर सही करण्याआधी मला दाखव. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कुणी कायमचा लिहून घेऊ शकत नाही. तरीही ‘सर्व हक्क एकरकमी’ असे कागद नवीन मुलांपुढे ठेवले जातात. ज्यांनी शब्द आणि चाली स्वतः केल्यात त्यांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आत्ताच घ्या. प्रत्येक ट्रॅकला त्याची ओळख म्हणून बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळेल, तो यादीत नीट लिहून ठेवा. गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारे वितरक तो देतात, पण पुढे वितरक बदललात तरी क्रमांक तोच ठेवायचा, नाहीतर ऐकल्याची मोजणी नव्याने सुरू होते.

प्रकाशनाबद्दल थोडंच लिहितो, कारण ते अजून लांब आहे. मास्टर, म्हणजे अल्बमची अंतिम तयार प्रत, हातात आल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. मी म्हणेन महिनाभर आधी सगळं चढवून ठेवा, म्हणजे नावातल्या चुका दुरुस्त करता येतात. मराठी नावं देवनागरीत द्या. मास्टरिंग करणाऱ्याला ‘मोठ्या आवाजात हवं’ असं सांगू नका. स्ट्रीमिंगवाले आवाजाची पातळी स्वतःच सारखी करतात, दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं आणि हलगीचा दणका तेवढा मरतो. पहिला कार्यक्रम पुण्यात करायचा असं तुमच्या मनात आहे. पुण्यात जरूर करा, पण त्याआधी काकांच्या गावात करा. चूक झाली तर तिथले लोक तोंडावर सांगतील, आणि पुण्यात येईपर्यंत ती दुरुस्त झालेली असेल.

आता लगेच करायचं ते एवढंच: तारीख बदल, गाण्यांची नाव-गावासह यादी कर, आणि तो सह्यांचा कागद. तारा उतरवून क्लिकशिवाय घेतलेलं जोगव्याचं गाणं मला पाठव. फोन खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवून घेतलंस तरी चालेल, फक्त मूळ फाइल पाठव, व्हॉट्सॲपवरून नको. मी रविवारी सकाळी घरी असतो, तेव्हा काकांनाही घेऊन फोन कर. त्या सहाव्या गाण्याबद्दल मला त्यांनाच विचारायचं आहे.

तुझा,
मित्र