गुडघ्याखालचं टेंगूळ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, लेकीच्या गुडघ्याचा फोटोही तीनदा मोठा करून पाहिला. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो बाई, हो बाई’ करत राहतेस आणि ऐकत काहीच नाहीस. शाळेपासूनची खोड आहे तुझी. म्हणून लिहिते आहे.

आधी गुडघा. वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे टणक टेंगूळ, दाबलं की दुखतं. जिना चढताना आणि चौकोनातून खो मिळून उठताना कळ येते, बसून राहिली की थांबते. असे गुडघे मी मैदानावर कितीतरी पाहिलेत. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटते, तिथलं हाड या वयात अजून पुरतं पिकलेलं नसतं. वाढीच्या झपाट्यात हाडं आधी लांब होतात, स्नायू मागे राहतात आणि ताणले जातात. त्यात आपला खो-खो म्हणजे बसणं, झटक्यात उठणं, गर्रकन वळणं. प्रत्येक झटक्याला ती दोरी त्याच कोवळ्या जागी ओढते. डॉक्टर याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मुलींना साधारण दहा ते तेरा या वयात होतं, मुलांना थोडं उशिरा. वाढ थांबली की दुखणं जातं. टेंगूळ मात्र कधीकधी जन्मभर राहतं.

पण मी डॉक्टर नाही. एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखव, म्हणजे तुझ्या सासूबाईंनाही झोप लागेल. आणि एवढं लक्षात ठेव: अख्खा गुडघा सुजला, गुडघा अडकायला लागला, रात्री दुखण्याने जाग आली, ताप आला किंवा पोर लंगडायला लागली, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जायचं.

सासूबाई म्हणतात खेळ बंद करा, क्लबचे सर म्हणतात सराव चुकवू नका. मला दोन्ही पटत नाही. खेळताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं, तर चालेल. दुखणं सकाळपर्यंत रेंगाळलं, तर त्या दिवशी पळणं, उड्या आणि खांबावरचा सूर बंद. मांडीचे पुढचे-मागचे स्नायू ताणायचे, कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ लावायचा आणि कडेला बसून साखळी, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळणं, कशी चालते ते बघायचं. बघूनही खेळ शिकता येतो, हे आपल्याकडे कुणी मानत नाही.

मला ठाऊक आहे, तुला बाईंच्या तोंडून हे ऐकून हसू आलं असेल. तुमच्या आधीच्या तुकडीत एक मुलगी होती, पळती इतकी सुंदर की तिची तीन मिनिटं बघायला शिपाईमामासुद्धा घंटा द्यायला उशीर करायचे. तिचा गुडघा असाच दुखायचा. मी क्रेप बँडेज बांधायला लावलं आणि म्हटलं, ‘सहन कर, खेळाडूला एवढं चालतंच.’ विभागीय स्पर्धेपर्यंत ती लंगडत खेळली आणि दिवाळीनंतर मैदानावर आलीच नाही. तिची आई मला बाजारात भेटली, एक शब्दही रागाचा बोलली नाही. ते अजून सलतं मला.

आता तुझं वेळापत्रक. तू कौतुकाने लिहिलंस, मी पाटीवर बेरीज मांडली. सकाळी दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ९. संध्याकाळी दोन तास, पाच दिवस, म्हणजे १०. रविवारी सामने, तीन तास धर. झाले २२ तास. मुलांच्या खेळाचे डॉक्टर एक साधा आडाखा सांगतात: मुलाचं वय जेवढं, आठवड्याला शिस्तीच्या सरावाचे तास त्याहून जास्त नकोत. तुझी लेक बारा वर्षांची आहे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातले दोन-तीन महिने हा खेळ सोडून दुसरं काहीतरी: पोहणं, सायकल, झाडावर चढणं, काय वाटेल ते. सकाळची बॅच पूर्णच काढून टाक, संध्याकाळचाही एक दिवस. सर रागावतील. रागावू दे. त्यांना जिल्ह्याचा संघ उभा करायचाय, तुला माणूस.

त्यात झोप कुठे आहे, ते तर तू बघितलंच नाहीस. क्लासचा गृहपाठ संपवून अकराला झोपते, पाचला उठते. सहा तास! बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराला आठ ते दहा. शरीर वाढतं आणि झीज भरून निघते ती गाढ झोपेत. पाचला उठवायचं असेल तर सातला ताट वाढ आणि पावणेआठला दिवा घालव. जमत नसेल तर पाचला उठवू नकोस. याला तिसरा मार्ग मला पन्नास वर्षांत सापडला नाही.

खाण्याचं बोलू. जाहिरातीतल्या पावडरीचा डबा आणलास ना? परत देता येत असेल तर दे. सकाळी मैदानावर जाताना केळं किंवा दोन खजूर, आल्यावर अंडं किंवा उसळ-पोळी, दूध. नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा तरी कर. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तिच्या वयाच्या पोरीला रोज साडेआठशे ते हजार मिलिग्रॅम लागतं. बाकीचं दूध-दह्यातून येईल.

लोहाकडे मात्र जास्त लक्ष दे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. शंभरातल्या एकोणसाठ! पाळी सुरू झाली की मुलीची लोहाची गरज मुलग्यापेक्षा बरीच वाढते. तेरा ते पंधरा वयात आपल्याकडचे आहारतज्ज्ञ मुलग्याला २२ तर मुलीला ३० मिलिग्रॅम रोज सांगतात. आणि घरात आधी वाढलं जातं कुणाला, ते तुला-मला माहीत आहे. तुझ्याकडे तसं नसेल, तरी एकदा ताटं बघ. पोरगी ‘दमले’ म्हणते, सर म्हणतात आळशी झाली, आणि हिमोग्लोबिन निघतं नऊ. म्हणून डॉक्टरांकडे जाशील तेव्हा गुडघ्याबरोबर रक्तही तपासून घे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते की बेंचखाली टाकते, ते प्रेमाने विचार. आमच्या मुली टाकायच्या. मळमळतं म्हणायच्या, कारण उपाशीपोटी घ्यायच्या. जेवणानंतर घ्यायची, आणि तासभर तरी चहा नाही. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबाने लागतं. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळ. अळिवाचे लाडू करत असशीलच, नसशील तर आईकडून कृती घे.

आणखी एक, जे सर तुला कधीच सांगणार नाहीत, कारण त्यांना ते माहीतच नसतं. स्पर्धेच्या दिवशी मुली पाणी पीत नाहीत. मैदानावर मुलींचं स्वच्छतागृह नसतं, असलं तर कुलूप असतं. मग सकाळपासून घोटभर पाण्यावर उन्हात खेळायचं, घरी येऊन डोकं धरून बसायचं, लघवीला जळजळ. आम्ही जाऊ तिथे आधी शेजारच्या घरातल्या काकूंशी ओळख काढायचो. मगच मुलींना बाटल्या द्यायचो. तूही स्पर्धेला जाशील तेव्हा खांब बघायच्या आधी हे बघ. पाळी सुरू झाली की तारखा तिच्याच हाताने कॅलेंडरवर लिहू दे. पहिली दोन वर्षं मागेपुढे होतं, पण सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळाडूंना असं होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. बहुतेकदा खाणं कमी आणि पळणं जास्त झालेलं असतं, आणि त्याने हाडं कच्ची राहतात.

धाकट्याचं तू एका ओळीत उरकलंस: ‘तो मोबाईलवरच असतो.’ त्याच्यासाठी क्लब नको. त्याला दिवसातून तासभर दम लागेल एवढं हुंदडायचंय, बस्स. लगोरी, लपाछपी, खाली सोसायटीत सायकल. ताईच्या पदकांसमोर त्याला उभा करू नकोस.

आता जावईबापूंचं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपली प्रियांका इंगळे कर्णधार होती, फायनलला नेपाळवर ७८–४० असा विजय मिळवला. मी टीव्हीसमोर रडले, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर मैदानाच्या दोरीबाहेर बाप लोकांची गर्दी वाढलीय. मोबाईलवर शूटिंग करतात आणि पोर बाद झाली की तिथूनच ओरडतात. तुझा नवरा परतीच्या वाटेवर स्कूटरवर तिला चुका सांगतो, असं तूच लिहिलंयस. मागे बसलेली पोर हेल्मेटमध्ये काय करत असेल? तिला चुका माहीत असतात, नऊ जणींसमोर केलेल्या असतात. त्याला म्हणावं, परतीच्या वाटेवर फक्त एकच प्रश्न विचारायचा: ‘भूक लागली का?’

डॉक्टर काय म्हणाले ते कळव, हिमोग्लोबिनचा आकडाही. आणि मे महिन्यात दोघांनाही इकडे पाठव. अंगणात आंबा आहे, विहिरीवर पोहायला येईल. खांब मात्र मी तेवढ्यापुरते उपटून गोठ्यात ठेवणार आहे. तिला आधी सांगू नकोस.

तुझ्या बाई