टाचेवरचा काळा डाग

प्रश्न : माझे सासरे ६४ वर्षांचे असून ते आयुष्यभर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी वावरले आहेत. त्यांच्या टाचेवर सहा महिन्यांपासून काळसर डाग दिसतो. काटा मोडला असेल, असे ते म्हणतात. त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांनाच होतो ना? घरी काय पाहावे?
– एक वाचक, सावईवेरे

उत्तर : सावळ्या त्वचेत हा रोग कमी आढळतो, हे खरे. परंतु आपल्याकडे मेलानोमा (त्वचेचा एक घातक कर्करोग) होतो तेव्हा तो पुष्कळदा उन्हाचा फारसा संबंध नसलेल्या तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि तिथे सहसा कोणी पाहत नसल्यामुळे उशिरा लक्षात येतो. १९८१ मध्ये गायक बॉब मार्ले ज्या मेलानोमाने गेला, त्याची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाली होती.

सासऱ्यांना भरपूर उजेडात बसवून पाय साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण टाचेच्या भेगांत बसलेली कुळागरातली मातीही डागासारखी दिसते. नंतर बोटांच्या बेचक्यांसह संपूर्ण तळवा पाहावा. डागाच्या दोन बाजू सारख्या नसणे, कडा वेड्यावाकड्या असणे, काळा, तपकिरी, निळसर असे रंग मिसळलेले असणे, रुंदी ६ मिलिमीटरहून, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीहून, अधिक असणे ही लक्षणे संशयास्पद होत. पण यांपैकी काहीही नसताना डाग बदलत असेल, तर मी त्या बदलाला अधिक महत्त्व देईन.

नखांबाबत थोडा विवेक हवा. अनेक नखांवर फिकट तपकिरी रेषा असणे सावळ्या माणसांत नेहमीचे आहे. एकाच नखावरचा पट्टा रुंदावत असेल किंवा त्याचा काळेपणा नखालगतच्या कातडीवर उतरला असेल, तर मात्र तो दाखवावा. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि मागे स्वच्छ नख येते. भाजल्याच्या जुन्या व्रणावर उठलेली, भरून न येणारी जखमही दुर्लक्षू नये.

इतर तीळ-डागांची अशी पाहणी घरातल्या सर्वांनी महिन्यातून एकदा, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून करावी. सासऱ्यांच्या डागासाठी मात्र महिनाभर थांबू नये. कुरूप समजून तो ब्लेडने तासणे किंवा त्यावर चुना लावणे (हे उद्योग फार होतात) कटाक्षाने टाळावे. त्यांना याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात न्यावे. संशय वाटल्यास तेथे डागाचा तुकडा काढून बायोप्सी करतात. नुसत्या नजरेने, डॉक्टरांच्यासुद्धा, खात्रीचे निदान होत नाही.