'फोन मार, मग बिअर मारू': हे मराठी आहे का?

प्रश्न एका वाचकाचा आहे. पुण्याहून नोकरीसाठी पर्वरीत राहायला आलेल्या या गृहस्थांना त्यांचा गोव्यातला सहकारी म्हणाला, "सुटलास की फोन मार, मग एक बिअर मारू." त्यांचं म्हणणं असं की फोन करतात आणि बिअर पितात, मग हे 'मारणे' हिंदीतून शिरलं, कोंकणीतून आलं, की सरळ चूकच आहे? आणि लेखी मराठीत ते चालेल का?

चूक नाही, आणि हिंदीच्या गळ्यात घालायचंही कारण नाही. आपण उडी मारतो, हाक मारतो, मिठी मारतो, गाठ मारतो, गप्पा मारतो, शाळेला दांडी मारतो, बाजारात चक्कर मारतो, पंगतीत जिलबीवर ताव मारतो आणि गिऱ्हाईक नसलं की माशा मारत बसतो. यात जीव कुणाचाच जात नाही, माशांचासुद्धा नाही. अशा जोड्यांत अर्थाचं ओझं नाम वाहतं आणि 'मारणे' फक्त ढब सांगतं: काम एका झटक्यात झालं, फार सोहळा न करता झालं.

म्हणून आधी 'एक' लावून बघावं. एक उडी, एक चक्कर, एक झुरका, एक शिट्टी. त्याच रांगेत एक फोन, एक रिचार्ज, एक स्कॅन, एक एंटर बिनबोभाट बसतात. चार्जिंग मात्र बसत नाही. 'चार्जिंग मारलं' असं कुणी म्हणत नाही, फोन चार्जिंगला लावतात, कारण ते तासभर चालणारं काम आहे. गाणी लावतात, गजर लावतात, वायफाय चालू ठेवतात. फोटो 'काढतात', कारण चित्र काढायची सवय कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची. स्टेटस आणि मेसेज 'टाकतात', जसं पूर्वी पत्र पेटीत टाकायचे. नवी वस्तू आली की मराठी तिला जुन्याच क्रियापदांच्या हवाली करते, आणि कोणती कोणाकडे द्यायची यात सहसा घोळ करत नाही.

या बाबतीत खरे उस्ताद म्हणजे मोबाईल दुरुस्त करणारे. म्हापशाच्या बाजारात अशा कुठल्याही टपरीपुढे पाच मिनिटं उभे राहा. फोन सारखा अडकतो म्हणून गिऱ्हाईक तक्रार करतं, मुलगा काच पुसतो, बटण दाबून धरतो, केबल जोडतो आणि मान वर न करता म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." संगणकवाला 'विंडोज मारतो', 'फॉरमॅट मारतो'. ऐकायला रांगडं वाटतं, पण जुनं सगळं पुसून नवं एका दमात वर चढवायचं, या कामाला याहून नेमकं क्रियापद मला तरी सापडत नाही. 'प्रणाली पुनर्स्थापित करावी लागेल' असं तो म्हणाला असता तर गिऱ्हाईक फोन उचलून शेजारच्या टपरीवर गेलं असतं.

आता गंमत पाहा. बारमध्ये बिल आलं, क्यूआर स्कॅन 'मारला', इथवर ठीक. पण पैसे? पैसे कुणी 'मारत' नाही, 'टाकतो', 'पाठवतो', किंवा नुसतं 'जीपे करतो'. 'तुझे पैसे मारले' याचा अर्थ आधीपासून ठरलेला आहे आणि तो ऐकून मैत्री तुटेल. पाण्याचंही तसंच. चहा मारू म्हणतात, बिअर मारू म्हणतात, पण 'पाणी मारलं' म्हटलं की डोळ्यांपुढे ओली भिंत नाहीतर नवा स्लॅब येतो. 'औषध मारलं' म्हणजे काजूच्या झाडांवर फवारलं. तापासाठी असेल तर घेतलं. जिथे जुना अर्थ ठाण मांडून बसलाय तिथे नवा अर्थ शिरत नाही. हिंदीची नुसती नक्कल असती तर ही पथ्यं कुणी पाळली असती?

एक ठिकाण मात्र खरोखर निसरडं आहे. 'मला फोन मार' आणि 'माझा फोन मारला'. पहिल्यात निरोप आहे, दुसऱ्यात पोलीस चौकी. पाकीटमार ज्या अर्थाने पाकीट मारतो तो अर्थ षष्ठीबरोबर येतो, आणि बोलावण्याचा अर्थ 'मला', 'तिला', 'दादाला' अशा रूपांबरोबर. सगळा फरक एका प्रत्ययाचा आहे, तरी चार वर्षांच्या मुलाचाही गोंधळ होत नाही.

बिअरकडे येऊ. दारूच्या बाबतीत 'मारणे' मुळात शोभतं ते पेगला आणि नाइंटीला, कारण ते घोटात संपणारं माप आहे. गोव्यात त्या जागी 'कोप' असतो. पोर्तुगीज 'कोपो' म्हणजे पेला, त्याचा हा कोंकणी अवतार. तावेर्नात, म्हणजे गावातल्या छोट्या दारूच्या दुकानात, उभ्याउभ्या "एक कोप मारया" म्हणतात तेव्हा 'एक' आणि 'मार' दोन्ही शब्दशः खरे असतात. फेणीत मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास, ती घुटक्याघुटक्याने तासभर पुरवणारेही आहेत, पण तावेर्नाच्या फळीवर कोप ठेवून रिकामा करून घरची वाट धरणं ही वेगळी रीत आहे आणि शब्द त्या रीतीतला आहे.

उर्राकाची गोष्ट याहून रंगतदार. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस पहिल्यांदा भट्टीत उतरवला की मिळतो तो उर्राक, फेणीच्या तुलनेत सौम्य, साधारण १५ टक्क्यांचा. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राक मात्र टिकत नाही, त्यामुळे मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम. त्या दिवसांत तावेर्नात शिरलात की पिकल्या बोंडांचा वास मारतो. हा वास कोणाला मारत नाही, नुसताच 'मारतो': कर्म नाही, कर्ता वासच. मग तो उग्रपणा मारायला पेल्यात लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि वर लिम्का. पाहा, एकाच पेल्यात वास मारतो, उग्रपणा मारला जातो आणि शेवटी पेला मारला जातो. तीन वेगळे 'मारणे', आणि पिणाऱ्याला एकाचाही पत्ता नसतो.

६५० मिलिलिटरची बिअरची बाटली मात्र एका झटक्यात जात नाही. तरी 'बिअर मारली' म्हणतात, कारण बोलणाऱ्याला प्यायलेलं मोजायचं नसून हलकं करून सांगायचं असतं. 'एक बिअर मारून येतो' यात वेळही कमी आणि दोषही कमी. घरी सांगायला सोयीचं.

क्राफ्ट बिअरशी, म्हणजे छोट्या कारखान्यांत थोड्या प्रमाणात निगुतीने बनवलेल्या बिअरशी, 'मारणे' पटत नाही, असं माझं मत. सांगोल्डा, हणजूण, आसगाव भागात नळावरची ताजी बिअर मिळणारी ठिकाणं निघाली आहेत. तिथे लाकडी फळीवर चार-पाच छोटे ग्लास येतात, एक गव्हाची, एक आयपीए नावाची कडू, एक भाजलेल्या माल्टची काळी. माणूस उजेडात धरून रंग बघतो, फेस बघतो, हुंगतो, मग ओठ लावतो. हे सगळं झाल्यावर 'चार मारल्या' म्हणणं म्हणजे त्या ब्रूअरच्या मेहनतीवर पाणी (होय, मारणं नव्हे, फिरवणं). इथे 'चाखली' किंवा 'घेतली' हवं. गोव्याच्या एका क्राफ्ट बिअरचं नावच 'माका दी' आहे, म्हणजे 'मला दे'. नाव ठेवणाऱ्याने या शब्दचर्चेचा विचार केला नसणार, पण देण्याघेण्याचं क्रियापद त्याने बरोबर पकडलं.

कोंकणीचा वाटा? आहे, पण उसना म्हणून नाही. कोंकणीत 'उडकी मारप', 'उलो मारप', 'गजाली मारप' हे सगळं आहेच, आज्ञार्थही तोच: 'मार'. मराठीतली उडी, हाक आणि गप्पा शेजारी ठेवल्या की दोघींचा साचा एकच दिसतो. गोव्यातला मराठी बोलणारा दिवसभर दोन्हींत ये-जा करतो, त्यामुळे त्याच्या तोंडी या जोड्या थोड्या जास्त येतात, इतकंच. फोन मारणारे कोल्हापुरातही आहेत. हिंदीवरचा खरा आक्षेप 'झाडू मारणे'सारख्या ठिकाणी घ्यावा, जिथे 'केर काढणे' हा आपला चांगला प्रयोग बाजूला पडतो.

राहिला लेखी वापर. इथे व्याकरणापेक्षा नातं बघा. 'काका, वर या, खालून हाक मारा' यात काही वावगं नाही, कारण 'हाक मारणे' वापरून वापरून धुऊन निघालंय. 'काका, मला फोन मारा' अजून खटकतं, 'मारा' हे आदरार्थी रूप असूनही. नव्या जोड्यांना मित्रमंडळींच्या कट्ट्याचा रंग अजून लागलेला आहे. तेव्हा साहेबांना 'फोन करतो', सहकाऱ्याला 'फोन मारतो'. कथेतल्या संवादात खुशाल लिहा, अर्जात नको. आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'संध्याकाळी बसू या' लिहिणार असाल तर जपून, ते 'मारू या'पेक्षा सोज्वळ दिसतं पण अर्थ तोच पोचतो, तोही थेट वरिष्ठांपर्यंत.

जाता जाता, तुम्ही पत्रात 'बियर' लिहिलंय आणि मी वर सगळीकडे 'बिअर'. मराठीत 'बिअर' अधिक रुळलेलं आहे म्हणून मी ते लिहितो. पाट्यांवर दोन्ही दिसतात, आणि दोन्ही पाट्यांखाली एकच बिअर मिळते.