कोंबडी लंगडतेय, काय करावं?

धायरीत घरामागे पाळलेली गावठी कोंबडी दोन दिवस एक पाय उचलून उभी आहे, असं तुम्ही विचारलंय. पहिलं काम, तिला डालग्याखाली वेगळी ठेवा. बाकीच्या कोंबड्या अधू कोंबडीला टोचून टोचून हैराण करतात. दाणा-पाणी चोचीपाशीच ठेवा.

मग संध्याकाळी, ती सुस्त झाली की, कुशीत घेऊन तळवा उलटा करून बघा. आमच्या तांबडीच्या तळव्यावर मसुराएवढी काळी खपली होती आणि भोवती गरम सूज. हे बंबलफूट. बारीक जखमेतून जंतू शिरतात आणि आत पू घट्ट होतो. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा, पुसून बीटाडीन लावा, पट्टी सैल बांधा. ब्लेडने स्वतः कापायला जाऊ नका, रक्त थांबता थांबत नाही. आणि बसायची दांडी खाली आणा. आमची कोंबडी उंचावरून फरशीवर उड्या मारायची, तिथंच घोळ होता.

तळवा स्वच्छ असेल तर बोटांत अडकलेला दोरा, केस शोधा. हाड मोडून पाय लोंबत असेल तर थेट पशुवैद्य.

कोवळी तलंग एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली असेल तर मात्र मॅरेक्सचा, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाचा, संशय घ्या. त्यावर औषध नाही, लस पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्याच दिवशी द्यावी लागते. कोंबडी दगावलीच तर कारण कळायला पुण्यात औंधच्या, पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात चौकशी करा.

अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचाराच.