पिकअपला त्याच मापाचा कारचा टायर चालेल, की एलटीच (लाइट ट्रक, म्हणजे मालगाडीचा टायर) घ्यावा?

तुमची गाडी आठवड्यातले चार दिवस दिंडोरीहून पिंपळगाव मार्केटला टोमॅटो नेते, बाकीचे दिवस नाशकात रिकामी फिरते, आणि टायरवाला म्हणतो कारचा टायर बसतो, स्वस्तही पडतो. बसतो हे खरंच. पण रिमवर बसणं वेगळं आणि माल पेलणं वेगळं.

आधी मागच्या ॲक्सलचं वजन काढा. भरलेल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर घेऊन पावती घ्या. समजा 1,600 किलो भरलं, तर एका टायरवर 800.

आता 215/75 आर15 हे माप धरू. कारच्या टायरवर मापापुढे 100 एस असतं. एस हे वेगमर्यादेचं अक्षर; 100 हा लोड इंडेक्स, म्हणजे 800 किलो. अगदी काठोकाठ जमल्यासारखं वाटतं. पण कारचा टायर पिकअपला लावला की त्याची क्षमता 1.10 ने भागून धरायची असते. माल वर रचला जातो, वळणावर गाडी कलते, बाहेरच्या टायरवर जास्त भार येतो. म्हणजे हातात उरले 727 किलो, आणि तुम्हाला हवेत 800. इथेच तो टायर बाद.

त्याच मापाच्या 8 पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा दर्जा) एलटीवर 106/103 असं असतं. पहिला आकडा तुमचा: 106 म्हणजे 950 किलो. दुसरा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी.

पण खरी गोम हवेत आहे. हे 950 किलो 65 पीएसआयला मिळतात. 800 किलोला 50 लागते. सवयीने कारसारखी 35 भरली, तर तोच एलटी सव्वासहाशेच्या आसपासच पेलतो, म्हणजे कारच्या टायरपेक्षाही कमी! महाग टायर घेऊन हवा जुनीच ठेवणारे पुष्कळ. मग साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) सतत दबते, आतून तापते, कडेची नक्षी आधी घासते, आणि एप्रिलच्या उन्हात आग्रा रोडवर टायर फुटतो. तुमच्या वजनाला मागे थंड टायरमध्ये 55 ठेवा. पुढची हवा दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे. रिम तेवढी हवा सोसणारी आहे ना, हे मात्र पाहून घ्या. व्हॉल्व नवेच टाका. साधे रबरी व्हॉल्व 65 पर्यंतच. त्यापुढे जास्त दाबाचे किंवा धातूचे लागतात.

रिकाम्या गाडीत एलटी उड्या मारतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक थोडा लांब लागतो, डिझेलही जरा जास्त जातं. त्या दिवसांत हवा स्टिकरवरच्या रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणता येते, पण माल भरण्याआधी पुन्हा भरायची आठवण राहत नसेल तर तो खेळ नकोच.

मागच्या टायरवर कधीच 600 किलोच्या वर जात नसेल आणि कंपनीच्या स्टिकरवर कारचंच माप असेल, तर कारचा टायर बिनधास्त घ्या. चालवायला तोच सुखाचा. मळ्यातल्या मुरमाच्या वाटेवर साइडवॉल कापली जाण्याचा धोका एलटीला कमी, एवढा मुद्दा तेव्हाही लक्षात ठेवा.

एका ॲक्सलवर दोन जाती मिसळू नका. स्टेपनीही एलटीच हवी, नाहीतर कसारा घाटात भरल्या गाडीला कारचा टायर लावायची वेळ येईल. पैसे देण्याआधी टायर कधी बनला ते पाहा, साइडवॉलवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा.